कागदावरची सहासष्ट

टाच मोजून हाडांचं भविष्य कळत असेल, तर तळहात बघून मरण कळायला काय हरकत आहे?

हे माझ्या पत्रकाचं पहिलं वाक्य. आमचा गट म्हणजे चार बायका, एक निवृत्त शिक्षक आणि एक ओळखीचा झेरॉक्सवाला. फुकट आरोग्य शिबिरांच्या आडून कंपन्या काय काय विकतात ते लोकांना सांगणं हे आमचं काम. नियम असा, की पहिलं वाक्य वाचून बसस्टॉपवरचा माणूस थांबला पाहिजे. समोर बस आली तरी. आमची पत्रकं तमिळमध्ये निघतात. हे एक मी मराठीतही काढलं, कारण या खेपेला शिबिर आमच्याच लोकांत होतं.

चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एरवी गणपती बसतो, हळदीकुंकू होतं, दहावी-बारावीच्या मुलांना पेनं वाटतात. त्या रविवारी तिथे पन्नाशीपुढच्या बायकांच्या हाडांची मोफत तपासणी होती. टेबलाखाली बुटाच्या खोक्याएवढं यंत्र. त्यात उजवा पाय ठेवायचा, टाचेला गार जेली लावायची, मिनिटभर थांबायचं, की चिठ्ठी बाहेर. चिठ्ठीवर हिरवा, पिवळा किंवा लाल पट्टा. दाराकडे जाताना दुसरं टेबल. त्यावर वेलचीच्या स्वादाच्या कॅल्शियम पावडरचे डबे, खास शिबिराच्या किमतीत. मी तासभर दारात उभी होते. हिरवा पट्टा माझ्या एकदाही दृष्टीस पडला नाही.

कंपनीचा माणूस त्या उकाड्यात टाय घालून उभा होता. मी त्याला विचारलं, "हे यंत्र नक्की काय मोजतं?"

"हाडांची ताकद, मॅडम."

"टाचेच्या हाडाची. म्हातारी बाई पडली की तिची टाच मोडते का? मोडतो खुबा, मनगट, मणका. ते का नाही मोजत?"

"मॅडम, हे फक्त स्क्रीनिंग आहे."

"मग स्क्रीनिंगच्या शेजारी डबे कशाला मांडलेत?"

तो हसला. शिकवलेलं हसू होतं ते. रांगेतल्या एक काकू मात्र माझ्यावरच उखडल्या. "तू गं पोरी, तुझे गुडघे अजून मलईचे आहेत. आमच्या गुडघ्यांत चार दिवस राहून बघ, मग वाट तुझे कागद."

"काकू, गुडघ्याचा आणि याचा काही संबंध नाही."

"तेच म्हणतेय मी. तुझा कशाशीच संबंध नाही."

रांग हसली. त्या रांगेत माझी आईसुद्धा होती, आणि तीही हसली. तिने माझं पत्रक घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि यंत्रात पाय ठेवला. चिठ्ठी आली पिवळी. घरी येताना तिच्या पिशवीत डबा होता.

"आई!"

"अगं, तो बिचारा सकाळपासून उभा आहे. आणि वेलची चांगली आहे, वास घे."

वेस्ट मांबलममध्ये आम्ही दोघीच राहतो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई रेल्वेच्या कचेरीत कारकून होती, पुढे हेडक्लार्क झाली आणि सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाली. जन्मभर फायली नीट लावल्या, म्हणून घरातला प्रत्येक कागद अजून फायलीत असतो. कागद वाचायचं काम मात्र तिने माझ्याकडे सोपवलंय. विमा, गॅस, औषधांची बारीक अक्षरं, सगळं माझ्याकडे. नातेवाईकही फोटो काढून पाठवतात, 'हे बघ गं काय लिहिलंय.' मला त्याचा अभिमान होता. मी कागदातली लबाडी हुंगून काढते, असं मी स्वतःच लोकांना सांगायची.

त्या शिबिरानंतर मी आईला खऱ्या तपासणीला नेलं. आईची काळजी वाटली म्हणून नेलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण नेलं ते पत्रकासाठी. शिबिरात पिवळी ठरलेली बाई खऱ्या यंत्रावर ठणठणीत निघाली, असं एक उदाहरण मला हवं होतं. आणि बाई घरातच होती.

खरी तपासणी म्हणजे डेक्सा. क्ष-किरणांची, पण अगदी हलक्या क्ष-किरणांची. मांबलम स्टेशनवरून लोकल धरून आम्ही एका मोठ्या दवाखान्यात गेलो. आधी फॉर्म. आईने चष्मा आणला नव्हता, निदान ती तसं म्हणाली, आणि फाईल माझ्या हातात दिली. मी भराभर भरत गेले. वय: आधार कार्डावरून सहासष्ट. वजन, उंची. सिगारेट नाही, दारू नाही, संधिवात नाही, स्टेरॉइडच्या गोळ्या नाहीत. आधी कधी हाड मोडलंय? नाही. आई किंवा वडील यांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का?

"आई, आज्जीचा खुबा मोडला होता?"

"नाही गं. ती पडली होती एकदा. मग तिने अंथरूण धरलं."

मी 'नाही' लिहिलं.

आत तंत्रज्ञ बाईने गळ्यातली साखळी, बांगड्या, साडीच्या पिना, परकराचा हूक, सगळं काढायला लावलं. आई कुरकुरत आडवी झाली. वरून एक दांडा सरकत गेला, कमरेवरून, मग खुब्यावरून. दहा मिनिटंही लागली नाहीत. मी भिंतीवरचे तक्ते वाचत होते आणि मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. टी-स्कोअर म्हणून एक आकडा असतो. तुमचं हाड तरुण बाईच्या हाडाशी ताडून पाहतात आणि किती उणे ते सांगतात. तरुण बाईच्या! नातवंडं झालेल्या बाईला तिशीच्या पोरीशेजारी उभं करायचं आणि वर म्हणायचं, तू कमी पडलीस. आणि ही तरुण पोर कुठली? कोणत्या देशातली, काय खाणारी, किती उंच? ते कुणी सांगत नाही. मी हे सगळं वहीत टिपून घेतलं.

डॉक्टरीणबाई तमिळ होत्या, पन्नाशीच्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या. मी जय्यत तयारीने आत गेले होते. पण त्यांनी शिबिराची चिठ्ठी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "हे मी बघत नाही." माझी निम्मी तलवार तिथेच म्यान झाली. आईचा आकडा उणे दोनच्या जरासा खाली होता. हाड विरळ, पण ठिसूळ म्हणण्याच्या रेषेच्या अलीकडे.

"नुसत्या घनतेवर औषध ठरत नाही," त्या म्हणाल्या. "कितीतरी बायकांची घनता बरी असते, तरी हाड मोडतं. म्हणून बाकीची माहितीही घालून हिशेब करायचा." त्यांनी माझ्या फॉर्मवरचं एकेक उत्तर संगणकात टाकलं. पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका किती, ते तो हिशेब सांगतो. आईचा धोका औषधाच्या रेषेच्या खाली आला. फार खाली नाही, पण खालीच. चाला, उन्हात बसा, घरातल्या निसरड्या जागा बघा, दोन वर्षांनी परत या.

"गोळ्या नकोत?" आईने विचारलं.

"सध्या नकोत, अम्मा."

बाहेर आल्यावर मला नाचावंसं वाटत होतं. मी दुसरं पत्रक काढलं, तमिळ आणि मराठी दोन्हींत. 'आमच्या माहितीतल्या सहासष्ट वर्षांच्या एका बाईंना शिबिराने घाबरवलं. खऱ्या तपासणीत औषधाची गरज नाही असं निघालं. तुम्हीही घाबरू नका.' हे पत्रक मी मंडळात वाटलं, बाजारात वाटलं, आमच्या इमारतीतल्या सगळ्या तमिळ मामींना दिलं. गुडघेवाल्या काकूंना तर मुद्दाम दोन दिली.

त्यानंतर दोनेक महिन्यांत मावशी पडली.

मावशी आईची धाकटी बहीण. कृष्णाकाठच्या त्यांच्या गावाजवळच राहते. स्वयंपाकघरात नुसती वळली, पायाला काही अडकलं नाही, फरशी ओली नव्हती, आणि खाली बसली ती उठेचना. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत धातूचा गोळा बसवला. मावसभावाने दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद पाठवला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, 'बघ गं, सगळं बरोबर आहे ना?'

मी शिकारी कुत्र्यासारखी त्या कागदावर पडले. आणि मला पहिल्याच ओळीत सावज सापडलं. वय: अडुसष्ट.

आई स्वयंपाकघरात शेवग्याच्या शेंगा सोलत होती. मी ओरडले, "बघ, हे असले यांचे दवाखाने! मावशीचं वय अडुसष्ट लिहिलंय. तू सहासष्ट, ती तुझ्याहून धाकटी, मग ती अडुसष्ट कशी होईल? ज्यांना पेशंटचं वय लिहिता येत नाही ते भूल किती दिली ते काय लिहिणार? मी तक्रार करते."

आईने शेंग सोलायची थांबवली नाही. "असेल छपाईची चूक. जाऊ दे."

"जाऊ दे कसं? उद्या औषधाचं प्रमाण चुकवतील."

"मी सांगतेय ना, जाऊ दे."

आईचा आवाज मी ओळखते. कचेरीत एखादी फाईल उघडायची नसली की ती असा आवाज काढत असावी. पण मी तोवर मावशीला व्हिडिओ कॉल लावला होता. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, दुखत होतं तरी तोंड चालू होतं.

"मावशी, तुझ्या कागदावर वय चुकीचं टाकलंय. तुझं खरं वय काय?"

"अडुसष्ट."

"अगं असं कसं? आई सहासष्ट."

पलीकडे मावशी हसायला लागली, आणि हसता हसता "आई गं, टाके" म्हणून कळवळली. "माझं बरोबर आहे, बाळ. तुझ्या आईचं बघ. ताई, अगं ए ताई! अजून सांगितलं नाहीस होय तू पोरीला?"

आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "तू झोप आता," ती मावशीला म्हणाली आणि बंद केला.

मी ओट्याला टेकून उभी होते. कागदावर धाकटी मावशी थोरलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. दोघींचेही वाढदिवसांचे फोन मी लहानपणापासून ऐकत आलेय. दोघींच्या आधार कार्डांच्या प्रती माझ्याच हाताने काढल्यात, कुठल्याशा वारस नोंदीसाठी. कंपन्यांच्या माहितीपत्रकातला स्वल्पविराम मला सलतो. आणि हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, इतकी वर्षं.

आईने हात धुतले, पुसले आणि सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतंच. धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून तिला घरी ठेवलं होतं. ती दहाव्या वर्षी शाळेत गेली, आणि तिच्यासोबत आठ वर्षांची मावशी. एकाच दिवशी, एकाच वर्गात. हेडमास्तर आजोबांच्या ओळखीचे. ते म्हणाले, थोरली हुशार दिसते, पण दहा लिहिलं तर मॅट्रिक होईतो घोडी होईल, नोकरी कोण देणार? त्यांनी सहा लिहिलं. तारीख घातली एक जून. मावशीचं मात्र आठच लिहिलं.

"तिचं का नाही कमी केलं?"

"तिला चौथीनंतर काढायचीच होती. तिला कुठे नोकरी करायची होती." आईने हात पुन्हा पदराला पुसले. "म्हणून तिचं खरं राहिलं."

"म्हणजे तू सत्तर वर्षांची आहेस."

"हळू बोल. खिडकी उघडी आहे."

खिडकीपलीकडे समोरच्या इमारतीतल्या मामी वाळत घातलेले कपडे काढत होत्या. त्यांना मराठीचं ओ की ठो कळत नाही. तरी आईने उठून खिडकी लावली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती घाबरलेली आहे. आजची नाही. कितीतरी वर्षांची.

मग माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली आणि मी वही शोधायला धावले. धोक्याच्या हिशेबात वय असतं. नुसतं असतं असं नाही, त्या हिशेबातलं ते मोठं धूड. हाड तेच, घनता तीच, पण सहासष्टचा धोका वेगळा आणि सत्तरचा वेगळा. आईचा आकडा रेषेच्या किंचित खाली होता. आणि त्या हिशेबात गेलेलं वय माझ्या अक्षरात होतं.

"आई, आपल्याला डॉक्टरांकडे परत जायला हवं. खरं वय सांगायला हवं."

"नाही."

"अगं, औषधाची गरज असेल तर?"

"नाही म्हटलं ना. दवाखान्यात आधार जोडलेलं असतं. सगळं कॉम्प्युटरवर एकमेकांना जोडलेलं असतं, हे तूच म्हणतेस ना? तुझ्याच पत्रकात होतं. उद्या कुणी बघितलं की ही बाई एका ठिकाणी सहासष्ट आणि एका ठिकाणी सत्तर, मग? पेन्शन थांबवली तर? चार वर्षं जास्त नोकरी केली म्हणून वसूल करायला आले तर?"

"असं कोणी करत नाही."

"तुला काय माहीत? तू कधी सरकारी नोकरी केलीस?"

मी म्हटलं की दवाखाना आणि पेन्शनची कचेरी यांचा काही संबंध नसतो. ती म्हणाली, शिबिरातल्या चिठ्ठ्या कंपनीकडे जातात हे तू सगळ्यांना सांगत फिरतेस, मग दवाखान्यातले कागद कुठे जात नाहीत हे कशावरून? गेली कितीतरी वर्षं मी या बाईला संशय घ्यायला शिकवत होते. ती शिकली होती. फक्त तिचा संशय माझ्या ओळखीच्या बाजूला तोंड करून उभा नव्हता.

मग मी चिडले. मी म्हटलं, "आणि फॉर्म भरताना का नाही बोललीस? मी सहासष्ट लिहिलं तेव्हा तू शेजारीच होतीस."

"तू मला विचारलंस?"

मी पुन्हा वही उघडली.

"कार्ड बघितलंस आणि लिहिलंस. लोकांना सांगतेस ना, सही करायच्या आधी विचारा, वाचा, प्रश्न करा? मला विचारलं असतंस, तर काय सांगितलं असतं मला माहीत नाही. पण तू विचारलंच नाहीस." आणि ती शेंगांकडे वळली.

तो आठवडा वाईट गेला. माझं पत्रक बाजारात फिरत होतं, इमारतीच्या लिफ्टमध्ये कुणीतरी चिकटवलंही होतं. 'तुम्हीही घाबरू नका.' मी ते नखाने खरवडून काढलं. आई आंघोळीला गेली की मी बाथरूमबाहेर कान देऊन उभी राहायची. ती स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढू लागली की ओरडायची. ती म्हणायची, "काल सहासष्टची होते तेव्हा नव्हतीस ओरडत."

मी तिला पटवलं, असं मी सांगणार नाही. मी दोन वेळा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा भाषण झालं. जे काही झालं ते मावशीच्या फोनवर झालं, आणि मी ते अर्धंच ऐकलं. मावशीला वॉकर धरून पहिल्यांदा संडासापर्यंत नेलं होतं. ती रडत होती. दुखतंय म्हणून नाही, सुनेला धुवायला लागतं म्हणून. आई बराच वेळ नुसती "हं, हं" करत होती. मग तिने विचारलं, "आपली आई पण अशीच पडली होती ना गं? उभ्या उभ्या?" आणि फोन ठेवल्यावर तिने स्वतः दवाखान्याला फोन लावून वेळ घेतली. शुद्ध तमिळमध्ये, हेडक्लार्कच्या आवाजात.

माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू ये. पण तोंड उघडायचं नाही. मी बोलणार."

डॉक्टरीणबाईंना वाटलं आम्ही काही तक्रार घेऊन आलो. माझ्याकडे बघून त्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली. पण बोलली आई. आधी दार लागलंय का ते बघितलं.

"डॉक्टर, मी जे सांगते ते कुठे जाईल?"

"या खोलीत राहील आणि तुमच्या केसपेपरवर."

"केसपेपर कोण बघतं?"

"तुम्हाला तपासणारे डॉक्टर."

"सरकार?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. मी ओठ चावून बसले होते. आईने पदर सारखा केला आणि म्हणाली, "एळुबदु." सत्तर. "माझं वय सत्तर आहे. कार्डावर आहे ते शाळेचं."

मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. काय, ते माहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक जून का?"

आई चपापली. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या आईचाही वाढदिवस एक जूनलाच असतो. आमच्याकडेही हेडमास्तर होते, अम्मा." आणि त्या संगणकाकडे वळल्या. "माझं काम हाडांचं आहे. हाडाला दाखला कळत नाही. अजून काही आहे का, जे मागच्या वेळी राहिलं?"

आईने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "माझी आई. ती घरात पडली होती. काही अडकलं नाही, निसरडं नव्हतं. पुन्हा उठली नाही. एक पाय आखूड दिसायचा आणि बाहेर वळलेला असायचा. एक्स-रे फोटो कुणी काढला नाही. आम्ही म्हणायचो, तिने अंथरूण धरलं."

"किती दिवस?"

"पावसाळाभर."

डॉक्टरीणबाईंनी दोन ठिकाणी बदल केला. वय. आणि आज्जीचा मोडलेला खुबा: होय. आकडा बदलला. मी पुढे झुकून बघितलं. आता तो रेषेच्या वर होता, आणि किंचित नव्हे. हाडं दोन महिन्यांपूर्वीचीच होती. तोच दांडा त्यांच्यावरून सरकला होता. मशीनने काही लपवलं नव्हतं. कंपनीनेही नाही. टाच मोजणारं ते खोकं वाईटच आहे, हे मी आजही म्हणते. चिठ्ठीशेजारी डबे मांडणं ही लबाडी आहे, हे मी उद्याही लिहीन. पण माझ्या आईला ज्या कागदाने फसवलं असतं, तो मी भरला होता.

"औषध सुरू करू या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आठवड्यातून एक गोळी. आधी रक्तातलं ड जीवनसत्त्व बघू आणि दात दाखवून घ्या."

मला राहवलं नाही. "कुठल्या कंपनीची?"

आईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"साधं औषधाचं नाव लिहिते," त्या म्हणाल्या. "दुकानात जी स्वस्त मिळेल ती घ्या. आणि तुम्ही विचारा, बिनधास्त विचारा. पण मग मी उत्तर देते तेही ऐका."

त्यांनी लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. "अम्मा, नोंदणीवरचं वय मला बदलता येत नाही. ते कार्डावरून येतं. पण खाली माझ्या अक्षरात खरं वय लिहायला हवं. मी नसले आणि दुसरं कुणी तुम्हाला तपासलं, तर त्याने सहासष्ट धरून औषध बंद करू नये. तुम्ही हो म्हणालात तर लिहिते."

त्या खोलीत एसीचा आवाज होता आणि बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारत होते. आईने तो कागद आपल्याकडे ओढून घेतला. वरची छापील ओळ वाचली, खालची कोरी जागा बघितली. चष्मा पर्समध्येच होता, त्या दिवशीही आणि बहुधा त्या पहिल्या दिवशीही. जन्मभर दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे लिहिलेली बाई, दोन वयं एका कागदावर आली की काय होतं हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

"लिहा," ती म्हणाली. "आणि तारीख घाला. सहीखाली तारीख नसली की कागदाला अर्थ नसतो."

माझ्या पत्रकाची दुरुस्ती मी काढली. 'त्या बाईंच्या हिशेबात दिलेली काही माहिती चुकीची होती. आमची चूक. त्या आता औषध घेतात. आपलं वय, आपल्या आईचं पडणं, जे खरं असेल ते डॉक्टरांना सांगा.' चुकीची माहिती कुठली, ते लिहिलं नाही. आमच्या गटातले शिक्षक म्हणाले, अर्धवट दुरुस्ती म्हणजे नवी लपवाछपवी. मी म्हटलं, हो, आहे. आणि तरी तशीच वाटली. गुडघेवाल्या काकूंनी ती वाचली, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "जे खरं असेल ते म्हणजे काय गं?" मी म्हटलं, तुम्हाला माहीत असेल ते. त्या दुसऱ्या दिवशी आईकडून डॉक्टरांचा नंबर घेऊन गेल्या.

पहिली गोळी मंगळवारी सकाळी. रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, कॉफीसुद्धा नाही. कॉफीवाचून अर्धा तास हे आईला औषधापेक्षा कडू वाटलं. ती ताठ खुर्चीत बसली. मी गोळीच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडून वाचायला लागले. घसा, पोट, जबडा, मांडीचं हाड. एकेक दुष्परिणाम वाचताना माझा आवाज चढत गेला.

"हे बघ, इथे लिहिलंय की फार वर्षं घेतली तर..."

"किती वर्षं?"

"ते नीट दिलेलं नाही. मी डॉक्टरांना विचारणार आहे."

"विचार. लिहून काढ सगळं. पुढच्या वेळी दोघी मिळून विचारू." तिने गोळी तळहातावर घेऊन दोन्ही बाजूंनी बघितली, अगदी माझ्यासारखी, आणि मग पाण्याचा पेला उचलला. "पण आधी ही आत जाऊ दे. तुझं वाचून होईपर्यंत थांबले तर मी ऐंशीची होईन."

आणि लगेच तिने खिडकीकडे बघितलं. ती उघडीच होती. समोरच्या मामी कपडे वाळत घालत होत्या. आई उठली नाही. गोळी तोंडात टाकली, पेला रिकामा केला आणि घड्याळाकडे तोंड करून ताठ बसून राहिली.